विहिरीत पोहायला शिकलेल्यांसाठी: स्नॉर्कलिंग, स्कुबा आणि प्रवाळाबद्दल मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर, गोदावरी, धरण आणि उन्हाळ्यात टँकर. मी माजलगाव तालुक्यातल्या शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलो, मालवणला पहिल्यांदा पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्यात उतरलो (यालाच स्कुबा म्हणतात) आणि पुढं अंदमानात रीतसर कोर्स केला. तेव्हापासून गावाकडचे, परभणी-नांदेडचे पाहुणे, शाळेतले जुने मित्र फोन करतात आणि बहुतेक तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथं एका जागी लिहिली आहेत.

मला विहिरीत चांगलं पोहता येतं. तेवढ्यावर स्कुबा जमेल का?

जमेल, आणि शहरातल्या पुष्कळांपेक्षा लवकर जमेल. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर डालड्याचा रिकामा डबा बांधून ज्याला कुणीतरी वरून ढकललंय, त्याची पाण्याची भीती तिथंच गेलेली असते. पण विहिरीनं लावलेली एक सवय मात्र समुद्रात जीवावर बेतू शकते.

विहिरीत आपण काय करायचो? कठड्यावरून सूर मारायचा, श्वास कोंडून तळाला जायचं, मूठभर गाळ घेऊन वर यायचं आणि मूठ उघडून दाखवायची. ज्याच्या मुठीत गाळ, तो खरा. हा सगळा खेळ श्वास रोखण्याचा. स्कुबाचा पहिला नियम नेमका उलटा आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. आत घेत राहायचा, बाहेर सोडत राहायचा, सावकाश.

कारण असं. विहिरीत आपण वरच छाती भरून घेतो. खाली गेलं की पाण्याच्या दाबानं ती हवा आकसते, वर आलं की पुन्हा मूळची तेवढी होते. जास्त काही होत नाही. स्कुबात मात्र हवा खाली, दाबाखाली घेतलेली असते. समुद्रात १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं छाती भरून हवा घेतली आणि श्वास कोंडून वर आलात, तर तीच हवा वाटेत दुप्पट व्हायला बघते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. फुप्फुसाला इजा होते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. त्यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही. सव्वा-दीड मीटरवरूनही हे घडू शकतं. म्हणून विहिरीत तरबेज झालेल्या माणसाला मी हे दोनदा सांगतो. घाबरल्यावर त्याचा हात आपोआप जुन्या सवयीकडं जातो: श्वास कोंड आणि वर पळ.

स्नॉर्कलिंग आणि स्कुबात फरक काय?

स्नॉर्कलिंगमध्ये तुम्ही पाण्यावर पालथे तरंगता, डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, पायांत फिन, म्हणजे वल्ह्यासारखे चपटे रबरी पंजे. खाली बघत बघत पुढं सरकायचं. स्कुबात हवा सोबत घेऊन खाली जायचं. प्रवाळ बघायला स्कुबाच हवं असं नाही. उथळ रीफवर, म्हणजे प्रवाळांनी बांधलेल्या खडकावर, जिथं दोन-तीन मीटर पाणी आणि डोक्यावर ऊन असतं, तिथं रंग सगळ्यांत खुलून दिसतात. पाण्यात लाल रंग पहिल्यांदा जातो, साधारण ५ मीटरच्या पुढं तो करडा वाटू लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं आधी स्नॉर्कलिंग करावं, हे माझं ठाम मत आहे.

नळी लांब केली तर नळीनंच खोल जाता येणार नाही का?

हा प्रश्न दरवेळी एखादं लेकरू विचारतं, आणि बरोबर विचारतं. आम्हीही पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून विहिरीच्या पायरीला बसायचो. डोकं वीतभर पाण्याखाली असेपर्यंत जमायचं. त्याच्या खाली गेलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं.

त्याचं कारण आता कळतं. नळीतून येणारी हवा वरच्या, साध्या दाबाची असते आणि छातीवर मात्र पाण्याचा दाब असतो. मीटरभर खाली गेलं तरी छातीचे स्नायू हवा आत ओढायला अपुरे पडतात. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली हवा साचते आणि तीच पुन्हा आत जाते. म्हणून स्नॉर्कलची नळी हातभरापेक्षा लांब नसते. स्कुबाची खरी करामत रेग्युलेटरमध्ये आहे: तुम्ही ज्या खोलीवर असाल तिथल्या दाबाची हवा तो तुमच्या तोंडात देतो, तीही मागाल तेव्हाच. फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी असं सुटसुटीत उपकरण तयार केलं, आणि माणूस नळीच्या दाव्यातून सुटला.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो ना? किती वेळ पुरतो?

ऑक्सिजन नाही, साधी हवा. आपण शेतात घेतो तीच, फक्त गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली विषासारखा ठरतो, झटके येऊ शकतात.

नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बारच्या (म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशे पट) दाबानं २,२०० लिटर हवा बसते. वर शांत पोहताना माणूस मिनिटाला २० लिटरच्या आसपास हवा वापरतो. १० मीटरवर तीच ४० होते, कारण दाब दुप्पट. त्यातली पाव हवा शिल्लक ठेवूनच वर यायचं असतं. म्हणजे हिशेबानं पाऊण तासाच्या आत, आणि नवख्याचं याच्याही आत, कारण तो धापा टाकतो आणि हात हलवतो. ज्या घरात टँकरचं पाणी हंडे मोजून पुरवलंय, त्या घरच्या माणसाला उरलेली हवा दाखवणारं गेज बघत बघत ती वापरणं शिकवावं लागत नाही. दर दोन-चार मिनिटांनी काट्याकडं नजर टाकायची, बस.

पोहता अजिबात येत नाही. मग जाऊ शकतो का?

जाऊ शकता. लाइफ जॅकेट घालून स्नॉर्कलिंग करता येतं आणि प्रशिक्षकासोबतच्या ओळखीच्या डाइव्हमध्येही, म्हणजे नवख्याला स्कुबाची ओळख करून देणाऱ्या बुडीतही, पोहता येण्याची अट बहुतेक ठिकाणी नसते. प्रशिक्षक तुम्हाला मागून धरूनच फिरवतो.

तरीही माझा सल्ला: आधी पोहायला शिका. पोहता न येणाऱ्याचं निम्मं लक्ष आपल्या जीवाकडं असतं आणि समोरचा मासा दिसतच नाही. रीतसर ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कुबाचा पहिला कोर्स, करायचा असेल तर २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं जमावं लागतं. तीस फुटी विहिरीत काठापासून काठापर्यंत बावीस-तेवीस वेळा गेलात की २०० मीटर झाले. वेळेची अट नसते. कोर्ससाठी वय किमान १० वर्षं लागतं. तो पूर्ण झाला की मोठ्या माणसाला १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत जाता येतं.

कान फार दुखतात म्हणे?

दुखतात, जर कान मोकळे केले नाहीत तर. विहिरीच्या तळाला कानात कळ यायची ना, तीच ही. बाहेरून दाब वाढतो आणि पडदा आत ढकलला जातो. उपाय सोपा आहे: नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद ठेवायचं आणि नाकातून हळूच फुंकल्यासारखं करायचं. कानात बारीक ‘टक्’ होतं. हे कळ यायच्या आधी करायचं, आणि उतरताना दर हातभर अंतरावर करत राहायचं. सगळ्यांत जास्त काळजी पहिल्या काही मीटरना घ्यावी लागते, कारण दाबाची पट तिथंच झपाट्यानं बदलते. जमलं नाही तर थोडं वर यायचं, पुन्हा करायचं. जोर लावायचा नाही.

मालवणच्या माझ्या पहिल्या खेपेला मला सर्दी होती. रात्रभर एसटीचा प्रवास करून आलो होतो, पैसे भरले होते, आणि बोटीवर सर्दीबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चार मीटरवर उजव्या कानात सुरी फिरल्यासारखं झालं. मी कानाकडं बोट दाखवलं, सोबतच्यानं वर घेतलं. पुढं पंधरा दिवस त्या कानानं दबकं ऐकू येत होतं. सर्दी असेल तर उतरू नका. पैसे बुडाले तरी चालतील.

चष्मा आहे. आणि मिशा आहेत.

चष्म्याच्या नंबरचे मास्क मिळतात, आधी फोन करून विचारा. तसंही पाण्यात मास्कमधून सगळं एक तृतीयांश मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळं थोडा नंबर असेल तर अडत नाही. मिशांमुळं मास्कची रबरी कड नीट बसत नाही आणि पाणी झिरपतं. नाकाखालची बोटभर पट्टी कातरली की भागतं, नाहीतर तिथं व्हॅसलीन लावतात. मास्कवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून धुतात. किळस करू नका, सगळेच करतात. पाणी शिरलंच तर वरची कड बोटांनी दाबायची, मान वर करायची आणि नाकातून हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं.

पाण्याखाली बोलायचं कसं?

हातानं. यातली एक खूण घरी दहादा घोकून जा: अंगठा वर म्हणजे ‘मस्त चाललंय’ नाही. अंगठा वर म्हणजे ‘मला वर जायचंय’. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं. पंजा आडवा धरून हलवला म्हणजे काहीतरी गडबड आहे, आणि मग जिथं गडबड आहे तिकडं बोट. आमच्या लग्नाच्या वरातीत सगळे अंगठेच वर करतात, त्यामुळं आनंदाच्या भरात अंगठा दाखवून वर आणलेली माणसं मी पाहिली आहेत.

जायचं कुठं?

जवळचं आणि खिशाला झेपणारं म्हणजे मालवण-तारकर्ली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खडकांवर वाढलेले प्रवाळ आणि माशांचे थवे तिथं दिसतात. पाणी अंदमानाइतकं नितळ नाही. आमच्या विहिरीचं पाणी जानेवारीत जसं असतं तसं समजा. ऑक्टोबर ते मे हा मोसम, त्यातही डिसेंबर-जानेवारी बरा. पावसाळ्यात बंद असतं आणि ते बंदच असावं. मराठवाड्यातून कोल्हापूरमार्गे घाट उतरून जाता येतं, किंवा मुंबईला जाऊन कोकण रेल्वेनं कुडाळला उतरायचं. पैसे ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा: पाठीवर सिलिंडर देणार की बोटीवरच्या कॉम्प्रेसरमधून लांब नळीनं हवा देणार, एका प्रशिक्षकाकडं किती माणसं, आणि उतरण्याआधी उथळ पाण्यात सराव करून घेणार की नाही. तिसऱ्याचं उत्तर ‘गरज नाही’ असं आलं तर दुसरी बोट बघा.

कर्नाटकात मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे. पण प्रवाळाचं खरं वैभव बघायचं तर अंदमान किंवा लक्षद्वीप. अंदमानात स्वराज द्वीप, म्हणजे आधीचं हॅवलॉक, आणि शहीद द्वीप, म्हणजे आधीचं नील, ही डाइव्हिंगची मुख्य ठिकाणं. डिसेंबर ते एप्रिल उत्तम. लक्षद्वीपला जायला आधी प्रवेश परवाना काढावा लागतो. कोचीहून जहाज आणि अगत्तीला विमान जातं.

आपल्याच महाराष्ट्रासमोर, विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर आत, समुद्राखाली एक मोठं पठार आहे: आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथासुद्धा २० मीटरच्या आसपास खोल असल्यानं ते नवख्याचं काम नाही. पण आपल्या दारासमोर एवढं प्रवाळ आहे हे शाळेत मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं लिहून ठेवतो.

डाइव्ह झाली की त्याच दिवशी परत निघालो तर?

नको. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन अंगात विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. सोड्याची बाटली हळूच उघडली तर फेस येत नाही, झटक्यानं उघडली तर येतो, तसं रक्तात होतं. म्हणून वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग ठेवायचा नाही आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. त्यानंतर विमान पकडायचं असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं.

घाट चढतानाही हवेचा दाब कमी होतो, आणि आपण राहतो ते सगळं पठारावर. मालवणच्या ओळखीच्या डाइव्ह उथळ असतात, धोका कमी असतो. पण मी तरी ती रात्र किनाऱ्यावर काढतो आणि दुसऱ्या दिवशी घाटाला लागतो. आदल्या रात्री आणि त्या दिवशी दारू नाही. सकाळी पोहे-इडलीसारखं हलकं खाऊन निघावं, बोट लागणाऱ्यानं गोळी आधी घ्यावी.

कुणी जाऊ नये?

दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची किंवा फुप्फुसाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गरोदर बाईनं स्कुबा करू नये. पाळी असताना हरकत नाही. उतरण्याआधी भरायच्या फॉर्मवर आजार लपवू नका. तो फॉर्म तुमच्यासाठी असतो.

प्रवाळ म्हणजे दगड की झाड?

दोन्ही नाही, प्राणी. एकेक जीव बहुतेकदा ज्वारीच्या दाण्याएवढा, काही त्याहून मोठे. मध्ये तोंड, भोवती बारीक स्पर्शिका. हा जीव आपल्याखाली चुन्याचा सांगाडा बांधत जातो, आणि असे लाखो जीव पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना चिकटून बांधत राहिले की रीफ उभी राहते. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. रंगही मुख्यतः त्याचाच. म्हणून रीफ उथळ, उबदार, स्वच्छ पाण्यात होते. समुद्रतळाच्या एक टक्क्यापेक्षाही कमी जागेवर प्रवाळ आहे, आणि समुद्रातल्या सुमारे एक चतुर्थांश जाती तिथं सापडतात.

वाढ मात्र फार सावकाश. गोलसर प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते दोन सेंटिमीटर वाढतं. पाण्याच्या हंड्याएवढा गोळा समोर दिसला तर तो आपल्या आजोबांच्या वयाचा असू शकतो.

मग हात लावला, थोडं उभं राहिलं तर काय बिघडतं?

सांगाड्यावरची जिवंत कातडी फार पातळ असते. फिनचा एक फटका, एक पाय, आणि कित्येक वर्षांची फांदी मोडते. मी एका ठिकाणी बघितलंय: फोटो नीट यावा म्हणून पर्यटकाला प्रवाळावर उभं केलं होतं, आणि मासे जमावेत म्हणून बाटलीतून पाव सोडत होते. त्या पाण्यात पावाचा लगदा तरंगत होता आणि खाली पांढरी, ताजी मोड दिसत होती. मला अजून ती मोड आठवते. पाव-बिस्किटं माशांचं अन्न नाही. कुणी देत असेल तर स्पष्ट नको म्हणा.

तुमच्या बाजूनंही तोटा आहे. प्रवाळानं कापलेली जखम चिघळते, लवकर भरत नाही. फायर कोरल लागलं तर आग होते.

रीफवरचा पोपटमासा मात्र प्रवाळ कुरतडतो, आणि त्याला तो हक्क आहे. प्रवाळावरचं शेवाळ खरवडताना चुनाही पोटात जातो आणि मागून बारीक वाळू होऊन पडतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण फोटो काढतो, तिच्यातली पुष्कळशी अशी तयार झालेली असते. जवळ स्थिर राहिलात तर त्याच्या चोचीचा कुरकुर आवाज ऐकू येतो, कोरडी भाकरी चावल्यासारखा.

शार्क?

रीफवरचे बहुतेक शार्क माणसाला बघून दूर जातात. काळजी घ्यायची ती तळाशी दगडासारख्या बसणाऱ्या विषारी माशाची आणि काटेरी सी-अर्चिनची. तळाला पाय टेकवला नाही की दोन्हीपासून सुटका.

आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा आणला तर?

गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे प्रवाळ आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही उचलायचा नाही. अंदमानच्या विमानतळावर सामान तपासतात.

प्रवाळ पांढरं पडतंय, मरतंय, असं वाचलं. खरं आहे?

खरं आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंशही जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतं. रंग जातो आणि आतला चुना पांढराफटक दिसू लागतो. ते लगेच मेलेलं नसतं. ऑगस्टात पावसाचा खंड पडल्यावर सोयाबीन माना टाकतं आणि वेळेत सर आली तर पुन्हा उभारी धरतं, तसंच. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परततं. खंड लांबला तर उपासमारीनं प्रवाळ मरतं. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१० आणि २०१६ साली मोठ्या प्रमाणावर झालं. २०२३ पासून जगभर पुन्हा तशी लाट आली. अशा दोन लाटांमधली उसंत कमी होत चालली आहे. हे दुःख आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या हातात काय, असं विचारतात. पाण्यात उतरताना पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा टी-शर्ट आणि लेगिंग घाला, बायका आणि पुरुष दोघांनीही. ऊन लागत नाही, संकोच राहत नाही, आणि अंगभर सनस्क्रीन चोपडावं लागत नाही. काही सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोनसारख्या रसायनांमुळं प्रवाळाला अपाय होतो, म्हणून पलाऊ देशानं २०२० पासून ती बंद केली आहेत.

आईला पोहता येत नाही, गुडघे दुखतात, पण तिला बघायचंय. आणि मंगळसूत्रातलं पोवळं हेच का?

पहिल्याचं उत्तर: गुजरातमध्ये जामनगरजवळ नरारा. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात ओहोटीला पाणी इतकं मागं जातं की वाटाड्यासोबत चालत प्रवाळापर्यंत जाता येतं. ओहोटीची वेळ बघूनच जायचं, आणि जुने बूट घालायचे.

दुसऱ्याचं: नाही. पोवळं म्हणजे लाल प्रवाळ, मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. ते अंधाऱ्या कपारीत वाढतं, त्याला शैवालाची सोबत लागत नाही आणि ते रीफ बांधत नाही. त्याच्या जिवाला आठ स्पर्शिका असतात, रीफ बांधणाऱ्यांना सहाच्या पटीत. नातं आहे, पण चुलत घराण्यातलं.

हाच प्रश्न माझ्या आईनं मला नराराच्या चिखलात विचारला होता. लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, एका हातात माझा दंड. वाटाड्यानं घोटाभर पाण्यातला हिरवट गोळा दाखवला आणि सांगितलं, लावू नका हात, जिवंत आहे. मी तिला आठ आणि सहाचा हिशेब सांगितला. ती ओणवी होऊन बघत राहिली. “म्हंजी हे पोवळंबी कवातरी असं हालत होतं?” मी हो म्हणालो. तिनं गळ्यातलं पोवळं मुठीत धरलं आणि वाटाड्या ‘भरती लागली, फिरा आता’ म्हणेपर्यंत तशीच उभी राहिली.